दुपारी तीनची नोंद

४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्याजवळ आहे. चौकशीच्या चौथ्या दिवशी तू ती समितीपुढे ठेवलीस आणि अध्यक्ष या नात्याने मी ती पुराव्यातून वगळली. आरोपीने स्वतःच्या बचावासाठी स्वतःच तयार केलेला कागद, त्याला अन्य कोणाचा दुजोरा नाही, असे कारण मी तेव्हा नोंदवले होते. काम संपल्यावर वही तुला परत करणे माझे कर्तव्य होते. तू न्यायला आला नाहीस, मी पाठवली नाही. एकोणीस वर्षे ती माझ्या कपाटात मोहरबंद पाकिटात आहे. मी ती उघडलेली नाही. ती उघडण्याची परवानगी मागण्यासाठी हे पत्र आहे.

परवानगी कशासाठी, हे जाणण्याचा तुला अधिकार आहे. तू जिला भिंगरी म्हणत असस ती माझी मुलगी आता तेहेतीस वर्षांची आहे आणि एका छापखान्यात कागद कापण्याच्या यंत्रावर काम करते. गेल्या वर्षी याच दिवसांत तिच्या उजव्या गालात आणि डोळ्यामागे असे दुखू लागले, की दंतवैद्याने तिची वरची दाढ काढली. दाढ निरोगी निघाली. दुखणे आठ-नऊ आठवड्यांनी आपोआप गेले आणि दाढ काढल्याचा गुण आला, अशी आम्ही समजूत करून घेतली. यंदा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते परत आले. रोज सकाळी सव्वाअकराच्या सुमारास येते. उजवा डोळा लाल होतो, पापणी उतरते, उजवी नाकपुडी वाहते. तासाभराने सगळे निवळते आणि ती ताजीतवानी होऊन चहा मागते.

मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या करून या दुखण्याला क्लस्टर डोकेदुखी असे नाव दिले. वेदना सुरू होण्याआधी काही सूचना मिळते का, असे त्यांनी विचारले. भिंगरी म्हणाली, "मला कळेपर्यंत ते आलेलं असतं." त्यांचे पुढचे म्हणणे असे, की सूचना बहुधा असते, पण ती ज्याची त्याने शोधावी लागते. ती सापडेपर्यंत तिने यंत्रावर उभे राहू नये.

या यंत्राचे पाते एका दाबात पाचशे कागद कापते. बारा वर्षे तिने हे काम केले आहे आणि दुसरे कोणतेही काम ती काम मानत नाही. तिची बोटे शाबूत ठेवून तिला त्या यंत्रापाशी परत जाता यावे, एवढेच मला हवे आहे. तुझ्या वहीत काय आहे याबद्दल मला आता अंदाज आहे.

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही हे ठरलेले नसल्याने ती जागा मोकळी ठेवते.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझे कार्ड मिळाले. माझ्या समजुतीत चूक राहू नये या हेतूने त्यातला मजकूर इथे उतरवते.

"न्यायमूर्तीबाईंस. वही उघडायला हरकत नाही, पण आत्ता नको. आधी पोरीजवळ दहा वेळा बस. घड्याळ घे, पेन्सिल घे. दिसेल ते लिही. 'म्हणून' लिहायचं नाही. दहा झाल्या की उघड. आणि तिला सांग, या दिवसांत दुपारची डुलकी बंद, दारूचा थेंब नको, आणि छापखान्यात शाई पुसायचं ते उग्र रसायन असतं त्याच्या जवळपास फिरकू नको. मला रोगाचं नाव तुझ्या निकालानंतर सहा वर्षांनी कळलं. तुला कळवायचं काही कारण दिसलं नाही."

ही अट मला अन्यायाची वाटली. एका आजारी मुलीच्या हिताची माहिती तू अटीवर देत आहेस, असा आक्षेप घेणारे तीन पानी उत्तर मी तयार केले. ते सुसंगत होते. वाचून पाहिले आणि फाडले.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट सांगितली नव्हती. ती आता सांगते. कुटुंबात आणखी कोणाला असा त्रास आहे का, असे डॉक्टरबाईंनी विचारले तेव्हा भिंगरी "नाही" म्हणाली आणि मी मूग गिळून बसले. दोन जिने उतरून खाली आल्यावर "चष्मा विसरला" असे तिला सांगितले आणि एकटी परत वर गेले. बाईंना म्हणाले, "एक आहे. माझा धाकटा भाऊ."

"त्यांना नेमकं काय व्हायचं?"

तुला काय व्हायचे हे मी तुझ्याकडून कधीच ऐकले नव्हते. माझ्याजवळ फक्त माझा निकाल होता, आणि तो मला तोंडपाठ आहे. हवामान खात्याच्या वेधशाळेतील निरीक्षकाने दोन वर्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात लागोपाठ अनेक दिवस दुपारी तीनची नोंद कोरी ठेवली, एवढी पार्श्वभूमी त्यांना दिली आणि माझे तीन मुद्दे सांगितले. पहिला: खरे आजारपण घड्याळ पाहून येत नाही, याचे मात्र रोज तीनलाच येते आणि वर्षाच्या त्याच महिन्यांत येते. दुसरा: वेदना होणारा माणूस आडवा पडतो, हा मात्र कोठारामागे येरझारा घालताना आणि पाण्याच्या टाकीवर कपाळ आपटताना शिपायाने पाहिला आहे. तिसरा: आजाराने डोळे लाल व्हायचे तर दोन्ही होतील, याचा फक्त डावा लाल होतो, अर्थात तो चोळून लाल केलेला आहे किंवा कारण पेल्यातले आहे.

बाईंनी पेन खाली ठेवले. "अहो, हे तर निदानच आहे. इतकं नेटकं माझे विद्यार्थीही लिहीत नाहीत. कोणी लिहिलंय?"

"मी."

"आणि खाली निष्कर्ष काय काढलात?"

"तो खोटे बोलतो आहे, असा."

त्यांनी मला खुर्ची पुढे सरकवून दिली, तेव्हा मी उभीच होते हे माझ्या लक्षात आले.

तुझी अट मान्य आहे. उद्यापासून बसते. डॉक्टरबाईंनी प्राणवायूचे नळकांडे आणि तोंडावर घट्ट बसणारा मास्क दिला आहे. दुखणे चढू लागताच बसल्या बसल्या जोराच्या प्रवाहाने पंधरा-वीस मिनिटे घ्यायचा. हृदयाचा आलेख काढून रोजच्या गोळ्याही सुरू केल्या आहेत, त्यांचा परिणाम दिसायला वेळ लागेल. मास्क पहिल्या काही मिनिटांत लागला तर त्याचा उपयोग, असे त्या बजावून सांगतात. तेव्हा आधीची सूचना सापडणे दुहेरी गरजेचे आहे.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

दहा बैठका झाल्या. काही दिवस दुखणे आलेच नाही, काही दिवस मी घरी नव्हते, त्यामुळे वेळ लागला.

तू मना केलेला शब्द टाळणे मला अवघड गेले. पहिल्या बैठकीच्या दीड पानात तो चौदा वेळा आला होता. खोडल्यावर जे उरले ते सहा ओळींत मावले. आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना मी मुलांना दोन विधानांमधला दुवा शोधायला शिकवले. दुवा न जोडता दोन विधाने शेजारी शेजारी ठेवून गप्प बसणे मला कोणी शिकवले नव्हते.

पहिल्या दिवशी मी बोललेही. "शांत हो, दीर्घ श्वास घे" असे मी म्हटले. भिंगरी पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये फेऱ्या घालत होती. न थांबता म्हणाली, "आई, एक तर बाहेर जा नाहीतर तोंड बंद कर." माझ्या घरात असे वाक्य मी प्रथमच ऐकले. तोंड बंद केले. दुसऱ्या दिवशी वाटेतले स्टूल आणि कोपऱ्याचे टेबल हलवून तिला भिंतीपर्यंत मोकळी वाट करून दिली. त्या दिवशी तिच्या गुडघ्याला काही लागले नाही.

तिच्या छापखान्यातले वयस्क बाइंडर तिला पाहायला आले होते. मी घड्याळ आणि वही घेऊन कोपऱ्यात बसलेली पाहून तिला म्हणाले, "पोरी, बाईंनी तुझी तोंडी परीक्षा घ्यायला घेतली वाटतं. पास करतील का?"

"काका, इथे आजवर कोणी पास झालेलं नाही," ती म्हणाली.

दोघे हसले. मीही हसले असते, पण त्या दोघांना ते अपेक्षित नव्हते.

नोंदींतला काही भाग उतरवते.

चौथी बैठक. १०.४८: तिने लागोपाठ तीन जांभया दिल्या, रात्रीची झोप पुरेशी झाली होती. १०.५२: जिभेने उजवा गाल आतून दाबला. ११.०९: उजवा डोळा ओला. ११.१२: उठून चालू लागली. मास्क ११.२० ला. ११.५५ ला बसली.

सहावी बैठक. १०.५०: जीभ उजव्या गालात. १०.५५: रेडिओ बंद करण्यावरून माझ्यावर चिडली; रेडिओ तिनेच लावला होता. ११.०८: पापणी उतरली. मास्क ११.१० ला. ११.३१ ला बसली.

नववी बैठक. १०.४४: जीभ उजव्या गालात, बराच वेळ. जांभई नाही. चिडचिड नाही. ११.०३: सुरुवात. मास्क ११.०४ ला. ११.१८ ला चहा मागितला.

सगळ्या दहा बैठकांत ती एकदाही आडवी झाली नाही. मी तिला एकदाही हात लावला नाही. सातव्या वेळी तिने भिंतीवर कपाळ टेकले आणि टेकतानाचा आवाज मला ऐकू आला. तो आवाज मी लिहिला. त्यापुढे काही लिहिले नाही.

आज संध्याकाळी पाकिटाची मोहर तोडणार आहे.

ताई


२७ मार्च

धाकट्या,

वही दोन वेळा वाचली. हे पत्र लांबले याचे ते एक कारण आहे.

वेधशाळेच्या नोंदवहीत असतात तसेच रकाने तू हाताने आखले आहेस. तापमान, आर्द्रता, वारा यांच्या जागी मान, जांभई, डोळा, नाक, स्वभाव. वेळ मिनिटापर्यंत अचूक. दोन हंगामांच्या एकसष्ट नोंदी. समितीसमोर जो माणूस तीनची नोंद कोरी ठेवल्याबद्दल उभा होता, त्याने त्याच तीनची नोंद इतक्या काळजीने ठेवली होती, आणि ती माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

स्वभावाच्या रकान्यात दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरातली एक नोंद अशी आहे: "२.२०. ताईचा फोन. तिच्यावर उगाच ओरडलो. काही कारण नव्हतं. २.३५ मान ताठ. २.५० सुरू. उद्या तिची माफी मागणे." तो फोन मला आठवतो. तुझा तो 'उद्या' आला तेव्हा तुझा फोन मी उचलला नव्हता. खात्याने मला बाहेरची अध्यक्ष म्हणून समितीवर नेमले त्याआधी जेमतेम तीन महिन्यांची ही गोष्ट आहे. तुझ्या वागण्यात उर्मटपणा आला आहे, असे मत मी तेव्हा बनवले आणि तेच चौकशीच्या खोलीत घेऊन गेले.

आणखी एक कबुली. मी आरोपीची बहीण आहे, तेव्हा मला वगळावे, असे मी पहिल्याच दिवशी लेखी कळवले होते. खात्याने उत्तर दिले, की आपल्या निःपक्षपातीपणाविषयी कोणाच्या मनात शंका नाही. ते वाचून मला आनंद झाला होता. तुझ्या बाजूने लागलेला निकाल लोकांना बहिणीचा वाटला असता आणि विरुद्ध लागलेला न्यायाचा, हे मला तेव्हाही कळत होते. मी तुला एकेचाळीस प्रश्न विचारले, इतिवृत्तात ते क्रमाने आहेत. "दुखते का?" हा प्रश्न त्यांत नाही.

आता वहीच्या उपयोगाविषयी. तुझी सूचना पंधरा ते तीस मिनिटे आधी येते: मान ताठरते, जांभया येतात, माणूस खेकसतो. मी विजयी मुद्रेने भिंगरीकडे गेले. म्हटले, "मामाला जांभया यायच्या. तुलाही येतात, चौथ्या बैठकीत मी लिहिल्या आहेत. हीच तुझी सूचना."

तिने माझी वही मागितली. दहाही बैठका सावकाश वाचल्या. मग म्हणाली, "आई, जांभया चारच वेळा आहेत. हे बघ, जीभ गालात, जीभ गालात, जीभ गालात. आठ वेळा."

"त्याचा अर्थ काय?"

"जिथली दाढ काढली ना, तिथे मुंग्या येतात. रिकाम्या जागेत. मला वाटायचं दाढ काढली त्याचंच काहीतरी राहिलंय, दुखण्याशी काय संबंध?" तिने परत जीभ तिथे नेली आणि स्वतःच दचकली. "मला माहीतच नव्हतं मी असं करते."

मलाही माहीत नव्हते. मी आठ वेळा लिहिले होते आणि एकदाही वाचले नव्हते.

तू वही आधी उघडू दिली असतीस तर मी घड्याळ घेऊन जांभया मोजत बसले असते. जीभ मला दिसली नसती. आधी निष्कर्ष आणि मग त्याला साजेसा पुरावा, ही माझी जुनी रीत तुला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. अटीबद्दलचा माझा आक्षेप, जो तुला मी पाठवला नव्हता, मागे घेते.

वही नोंदणीकृत टपालाने परत पाठवली आहे. भिंगरीने आधी तिची नक्कल करून घेतली. त्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ अशी: "मामा, तुझं अक्षर आईपेक्षा बरं आहे. तिला सांगू नको."

ताई


२० एप्रिल

धाकट्या,

भिंगरी ३ एप्रिलपासून कामावर जाते आहे. गोळ्यांमुळे दुखणे विरळ झाले होते, पण गेलेले नव्हते. डॉक्टरबाईंनी परवानगी देताना घातलेल्या अटी अशा: सकाळी साडेदहा ते बारा यंत्रावर एकटीने उभे राहायचे नाही, मागच्या कागदाच्या खोलीत प्राणवायूचे नळकांडे ठेवायचे, तिथे रसायन नको आणि विडी-काडी तर अजिबात नको, गालात मुंग्या आल्या की हातातला कागद अर्धवट असला तरी सोडायचा.

या शेवटच्या अटीची मला धास्ती होती. तू तिला लहानपणी पाहिले आहेस; हातातले काम अर्धे सोडणे तिला माहीत नाही. तो गुण तिने माझ्याकडून घेतला आहे.

९ तारखेला काय घडले ते मी पाहिले नाही. बाइंडर सांगायला घरी आले, त्यांच्या शब्दांत लिहिते. "मोठं काम होतं हो, उद्या द्यायचं होतं, आणि मालक उरावर उभे. गठ्ठा लावून झालेला, नुसतं दाबायचं बाकी. पोरगी थांबली. जीभ अशी गालात. पातं वर आहे बघितलं, यंत्र बंद केलं, किल्ली काढून माझ्या हातात दिली. मालक म्हणाले, 'अगं, एवढा एक काप तरी काढ!' तर म्हणते, 'काका काढतील, मी चालले.' आणि गेली मागच्या खोलीत. मी घड्याळात बघितलं, अकराला सात कमी होते. मला वाटलं, अशी ठणठणीत तर आहे. दहा मिनिटांनी आवाज आला चालण्याचा."

"कसा?"

"फेऱ्यांचा. मी काप काढला एक. मग बंद केलं यंत्र, जाऊन दाराशी उभा राहिलो. आत नाही गेलो. तिने सांगून ठेवलं होतं, काका आत यायचं नाही, बोलायचं नाही. पंधरा मिनिटांत बाहेर आली. डोळा लाल, बाकी काही नाही. म्हणाली, 'तिरका काढलात काप.' तिरकाच होता बाई."

त्यानंतर दुखणे आलेले नाही. यंदाचा हंगाम संपला असावा, असे डॉक्टरबाईंना वाटते. पुढच्या जानेवारीत तो परत येईल असे धरून चालायचे आहे. गोळ्या हंगामाच्या आधी केव्हा सुरू करायच्या, याची तारीख भिंगरीने भिंतीवर लिहून ठेवली आहे. बोटे दहाही आहेत.

मधल्या काळात मी हवामान खात्याला पत्र लिहिले. एकोणीस वर्षांपूर्वीच्या चौकशीचा निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून नव्हता, त्याची जबाबदारी अध्यक्ष म्हणून माझी आहे, तो रद्द करून तशी नोंद संबंधिताच्या सेवापुस्तकात करावी, असे मागितले. सोबत वैद्यकीय मत आणि सात पानांचे विवेचन जोडले. परवा उत्तर आले. दोन ओळींचे आहे. चौकशीची कागदपत्रे मुदत संपल्याने सात वर्षांपूर्वी नष्ट करण्यात आली आहेत. सेवापुस्तकही उपलब्ध नाही. सबब आपल्या अर्जावर कार्यवाही करण्यासारखे काही शिल्लक नाही.

 तुझे नाव जिथून काढायचे तो कागदच उरलेला नाही, आणि तरी निकाल आहे तिथेच आहे. तू वेधशाळेत परत गेला नाहीस. तू वजनकाटे दुरुस्त करतोस, असे मावशीकडून कळते. तो निकाल आता दोनच ठिकाणी उरला आहे, माझ्याकडे आणि तुझ्याकडे. माझ्याकडचा मी रद्द केला आहे. तुझ्याकडच्यासाठी हे लिहिते, आणि खात्याला पाठवलेली सात पाने यासोबत जोडत नाही.

तू आजारी होतास. तू खरे बोलत होतास. मी चुकले.

वहीनुसार तुझे दिवस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात. आता किती वाजता येते, मास्क कोण देते, वाटेतल्या वस्तू कोण हलवते, हे मला माहीत नाही. मी पहिल्या आठवड्यात येऊ का? दाराबाहेर बसेन. उत्तर "नको" असले तरी कार्ड टाक.

ताई